मृत्यूच्या दरीत मुक्काम कोठे करावा?

मराठीत प्रवासवर्णने उदंड लिहिली गेली. त्यांतून काय पाहिले, काय खाल्ले, कोण भेटले हे सारे सविस्तर येते. लेखक रात्री कोठे झोपला आणि तेथेच का झोपला, हे मात्र बहुधा येत नाही. आलेच तर तक्रारीच्या रूपाने येते : खोली लहान होती, पाणी गार होते, भाडे अवाच्या सवा होते. मुक्काम ही व्यवस्थापकाने पाहावयाची बाब आणि दर्शन ही लेखकाची, अशी काहीशी वाटणी आपण मनोमन करून टाकली आहे. ही वाटणी आम्हांस मान्य नाही. समशीतोष्ण प्रदेशांत ती एक वेळ खपून जाईल. वाळवंटात ती अजिबात खपत नाही. तेथे आपण कोठे उतरतो यावर आपल्याला काय दिसणार हे ठरते आणि उन्हाळ्याच्या दिवसांत तर जिवाचेही ठरते.

उदाहरण म्हणून कॅलिफोर्निया आणि नेवाडा यांच्या सीमेवरील डेथ व्हॅली घेऊ. अलास्का सोडल्यास अमेरिकेतील हे सर्वांत विस्तीर्ण राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ सुमारे ३४ लक्ष एकर. १९३३ साली त्यास राष्ट्रीय स्मारकाचा व १९९४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. मराठी वाचकाशी या जागेचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. त्यांचे आईवडील पुण्याहून, नाशकाहून, साताऱ्याहून येतात. आणि नातवंडांच्या शाळांना सुट्टी असते म्हणून बहुधा जून ते ऑगस्ट या काळातच सर्वांना घेऊन ‘फिरणे’ होते. लास व्हेगास ठरलेलेच असते. तेथून डेथ व्हॅली मोटारीने दोन-सव्वादोन तासांवर. मग एका दिवसात जाऊन येण्याचा बेत ठरतो. सकाळी नाश्ता आटोपून निघावे, भर दुपारी बॅडवॉटरला पोहोचावे, वातानुकूलित गाडीतून पाच मिनिटे बाहेर पडून छायाचित्र काढावे आणि दिवे लागण्यापूर्वी परतावे.

या बेताविषयी आमचे मत स्पष्ट आहे. तो बेत करूच नये. जुलैच्या दुपारी तेथील तापमान ४८-५० अंश सेल्सिअसच्या घरात असते. १० जुलै १९१३ रोजी फर्नेस क्रीक येथे, म्हणजे तेव्हाच्या ग्रीनलँड रँचवर, ५६.७ अंशांची नोंद झाली. तिच्या अचूकतेविषयी वाद असले तरी जागतिक विक्रम म्हणून अद्याप तीच धरली जाते. जुलै २०२४ हा तर तेथील नोंदींतला सर्वांत उष्ण महिना ठरला. दिवसरात्र मिळून महिन्याची सरासरी ४२.५ अंश. विदर्भातील उन्हाळा काढलेल्या माणसालाही हा आकडा नीट वाचावा लागेल, कारण त्यात रात्री धरलेल्या आहेत. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर दरीच्या तळाशी पायी हिंडू नये, असे उद्यानाचे अधिकारी बजावून सांगतात. म्हणजे दिवसाच्या पाहुण्याला नेमकी तीच वेळ मिळते, ज्या वेळी तेथे पाहण्यासारखे काही उरलेले नसते. वाळवंट सकाळी आणि संध्याकाळी असते; दुपारी असतो तो नुसता उजेड.

तेव्हा राहावयाचेच. पण कोठे?

येथे एक जुना साहित्यिक वाद आडवा येतो. वाळवंटावर इंग्रजीत लिहिणाऱ्यांपैकी एडवर्ड अ‍ॅबी हे नाव आपल्या विद्यापीठांतील पर्यावरणकेंद्री समीक्षेच्या अभ्यासक्रमांत अलीकडे दिसू लागले आहे. १९५६ आणि १९५७ साली त्याने युटामधील आर्चेस येथे रखवालदार म्हणून हंगामी नोकरी केली आणि त्या अनुभवावर ‘डेझर्ट सॉलिटेअर’ हे पुस्तक १९६८ साली प्रसिद्ध केले. सरकारने त्याला राहावयास पत्र्याचा ट्रेलर दिला होता. उन्हात त्याची भट्टी होई. आत विजेसाठी जनरेटर लावला की बाहेरचे वाळवंट नाहीसे होई. अ‍ॅबीने बाहेर खांब रोवून, वर फांद्या घालून मांडव उभारला आणि आपले बस्तान तेथे हलविले. आमच्या मते पुस्तकाची किल्ली या स्थलांतरात आहे. ट्रेलरमध्ये राहून हे पुस्तक लिहिले गेले नसते. मुक्काम हा व्यवस्थापकाचा विषय नव्हे, असे आम्ही वर म्हटले त्याला याहून चांगला पुरावा शोधण्याची गरज नाही.

परंतु याच पुस्तकात ‘औद्योगिक पर्यटना’वर एक जहाल प्रकरण आहे. राष्ट्रीय उद्यानांत मोटारींना मज्जाव करावा. लोकांनी पायी, सायकलवर, घोड्यावर यावे, असे त्याचे सांगणे. मग म्हाताऱ्यांनी काय करावे? त्यावर अ‍ॅबीचा युक्तिवाद असा की, वृद्धांविषयी सहानुभूती बाळगण्याचे कारणच नाही. देश बिघडलेला नव्हता तेव्हा तो पाहण्याची संधी त्यांना मिळाली होती. विद्यार्थ्यांना हे वाक्य मोठे बाणेदार वाटते. साताऱ्याच्या निवृत्त शिक्षिकेला मात्र ही संधी केव्हा मिळाली होती, हे अ‍ॅबीला कोणी विचारले नाही. तिला पासपोर्ट मिळाला साठीनंतर, व्हिसा मुलाला नोकरी लागल्यावर आणि गुडघे त्याच्या आधीच गेलेले. अ‍ॅबीचे ‘वृद्ध’ हे त्याच्याच देशातले, त्याच्याच वर्णाचे आणि मोटार बाळगणारे वृद्ध आहेत. तंबूत राहील तोच खरा प्रवासी, हॉटेलात उतरेल तो उपरा, ही जी श्रेणीव्यवस्था त्याच्या वाचकांनी पुढे रूढ केली, ती आम्हांस एका प्रकारचे सोवळे वाटते. आणि सोवळ्याची पारख करण्याचा अनुभव आपल्या समाजाला पुरेसा आहे.

तंबू की हॉटेल हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडला जातो. डेथ व्हॅलीत विचारावयाचा प्रश्न निराळा : समुद्रसपाटीपासून किती उंचीवर?

बॅडवॉटरचा तळ समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली आहे. तेथून सरळ रेषेत अवघ्या पंधरा-वीस मैलांवर पॅनामिंट रांगेतील टेलिस्कोप शिखर ११,०४९ फूट उंच उभे आहे. दर हजार फुटांना तापमान दीड ते पावणेतीन अंश सेल्सिअसने उतरते, असा तेथील ठोकताळा. आता सरकारी तळांची नावे या शिडीवर मांडून पाहा. फर्नेस क्रीक आणि सनसेट हे दोन तळ समुद्रसपाटीच्या १९६ फूट खाली. टेक्सस स्प्रिंग आणि स्टोव्हपाइप वेल्स साधारण समुद्रसपाटीवर. उत्तरेकडील मेस्किट स्प्रिंग १,८०० फुटांवर; फक्त तंबूवाल्यांसाठी असलेला एमिग्रंट २,१०० फुटांवर; वाइल्डरोझ ४,१०० फुटांवर; आणि डोंगराच्या खांद्यावर थॉर्नडाइक व महॉगनी फ्लॅट, अनुक्रमे सुमारे ७,४०० व ८,२०० फुटांवर. म्हणजे एकाच उद्यानात, एकाच रात्री, एक माणूस तंबूत घामाने निथळत जागा असतो आणि दुसरा स्वेटर चढवून शेकोटीशी बसलेला असतो. पुस्तिकांतून मात्र हे तळ स्वच्छतागृह आहे की नाही, टेबल आहे की नाही अशा रकान्यांत मांडलेले असतात. उंचीचा रकाना असतो, पण सहसा कोणी वाचत नाही.

हा रकाना वाचणारे लोक तेथे पूर्वीपासून होते. तिंबिशा शोशोनी हे त्या दरीचे मूळ रहिवासी. हिवाळ्यात दरीच्या तळाशी झऱ्याकाठी राहावे, मेस्किटच्या शेंगा गोळा कराव्या. उन्हाळा चढू लागला की पॅनामिंटच्या डोंगरात वर सरकावे. शरदात पिन्यन पाइनच्या बिया वेचाव्या आणि थंडी पडू लागली की पुन्हा खाली यावे, असा त्यांचा क्रम. आज वाइल्डरोझचा सरकारी तळ ज्या भागात आहे, तो त्यांच्या उन्हाळ्याच्या वाटेवरचा. मराठीत ‘वस्ती’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : माणसांची वसलेली जागा आणि एका रात्रीचा मुक्काम. वस्तीची एस.टी. म्हणजे गावात रात्री थांबून पहाटे निघणारी गाडी. तिंबिशांच्या बाबतीत हे दोन अर्थ वेगळे करताच येत नाहीत. पत्त्याच्या सुरुवातीस ‘मु. पो.’ लिहिणाऱ्या आपल्या पिढ्यांना, कायमच्या घरालाही मुक्काम म्हणता येते यात नवल वाटू नये.

अशा लोकांच्या भूमीला ‘मृत्यूची दरी’ हे नाव कोणी दिले? सोन्याच्या शोधात निघून १८४९ च्या अखेरीस वाट चुकलेल्या गोऱ्या प्रवाशांनी. त्यांच्यातील विल्यम मॅन्ली याने पुढे १८९४ साली त्या हालांची कहाणी पुस्तकरूपाने लिहिली. मुद्दाम लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ते तेथे अडकले ते हिवाळ्यात. आज ज्या आठवड्यांत उद्यानातील खोल्या आणि तळ भरून जातात, त्याच आठवड्यांत त्यांनी गाड्या जाळून बैलांचे मांस धुरावले. हवा सुसह्य होती. पाणी कोठे आहे आणि वाट कोठून निघते हे त्यांना ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक होते ते जवळपास होतेच. नाव मात्र पाहुण्यांनी दिलेले टिकले. तिंबिशांचा या नावाला आक्षेप आहे आणि तो आम्हांस सर्वस्वी रास्त वाटतो, जरी सोयीसाठी या लेखात तेच नाव आम्ही वापरीत आहोत.

स्मारक झाले तेव्हा या रहिवाशांचे काय करावे हा प्रश्न सरकारपुढे पडला. १९३० च्या दशकात फर्नेस क्रीकजवळ चाळीस एकरांत त्यांचे खेडे वसविण्यात आले. मातीच्या विटांची घरे बांधण्यात आली. पुढे उद्यानव्यवस्थेचे धोरण पालटले. जे घर रिकामे सापडेल ते पाण्याच्या झोताने विरघळवून टाकावयाचे, असा प्रकार झाला. उन्हाळ्यात डोंगरात जाण्याची रीत असलेल्या माणसांचे घर उन्हाळ्यात रिकामे असणारच! १९८३ साली जमातीला संघराज्याची मान्यता मिळाली आणि २००० साली कायद्याने फर्नेस क्रीक येथील ३१४ एकर धरून निरनिराळ्या ठिकाणची एकूण सुमारे ७,७०० एकर भूमी तिच्या नावे झाली. आज पर्यटक फर्नेस क्रीकला खोली घेतो तेव्हा त्याच्या शेजारी लोकांची घरे आहेत, सजावट नव्हे, हे त्याला ठाऊक असावे. पाहुण्याने यजमानाचे नाव विचारावे इतकी साधी ही गोष्ट आहे.

मेरी ऑस्टिनचे ‘द लँड ऑफ लिटल रेन’ आम्हांस अ‍ॅबीच्या पुस्तकाहून अधिक जवळचे वाटते ते याच कारणाने. ते १९०३ साली निघाले. बाई त्याच परिसरातील इंडिपेन्डन्स या गावी राहत होत्या. शोशोनींच्या भूमीवर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे, टोपल्या विणणाऱ्या पायूट स्त्रीवर आहे. अ‍ॅबीच्या वाळवंटात एकांत आहे, ऑस्टिनबाईंच्या वाळवंटात शेजार आहे. दोघांतील हा फरक शैलीचा म्हणून शिकविला जातो. आमच्या मते तो मुक्कामाचा आहे. एक हंगामापुरता आला होता, दुसरी तेथे संसार करून राहिली होती.

आता हॉटेलांकडे वळू, कारण त्यांचाही इतिहास कमी बोधप्रद नाही. १९२६ साली आइकबाउम नावाच्या उद्योजकाने टोल घेण्याचा रस्ता काढून स्टोव्हपाइप वेल्सचे हॉटेल उघडले. लाकूड आणणारे ट्रक ज्या जागी वाळूत रुतले तेथेच ते बांधले, अशी कथा सांगतात. खरी असो वा नसो, जागा वाळूच्या टेकड्यांच्या तोंडाशी आहे आणि पहाटे टेकड्यांवर जाणाऱ्याला तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. पुढच्याच वर्षी पॅसिफिक कोस्ट बोरॅक्स कंपनीने फर्नेस क्रीक इन उघडले. कंपनीचा टाकणखार उपसण्याचा व्यवसाय दुसरीकडे सरकत होता आणि तिची आगगाडी रिकामी पडू लागली होती. डबे भरावयास माणसे हवी होती. इमारतीच्या कच्च्या विटा पाडण्यास हात लागले ते स्थानिक आदिवासींचे. पोहण्याच्या तलावाला पाणी आहे ते कोमट झऱ्यांचे. शेजारचे रँच हे मुळात १८८३ च्या सुमारास खेचरांना चारा आणि मजुरांना अन्न पुरविण्यासाठी लावलेले मळे. वीस खेचरांचे ते प्रसिद्ध तांडे १८८३ ते १८८९ या काळात टाकणखार लादून १६५ मैलांवरील मोहावी स्थानकापर्यंत जात. आज या दोन्ही जागा एकाच ‘ओअ‍ॅसिस’च्या नावाखाली चालतात. समुद्रसपाटीखाली २१४ फुटांवर गोल्फचे हिरवेगार मैदान राखणे हा आमच्या दृष्टीने विनोद आहे आणि तो फार चांगला विनोद नाही. परंतु गुडघेदुखी असलेल्या वडिलांना संध्याकाळी ओसरीवर बसून पॅनामिंटच्या रांगेवरील रंग पालटताना पाहावयाचे असतील, तर रँचवरील साधी खोली हीच त्यांची योग्य जागा आहे. तीत कमीपणा मानण्याचे कारण नाही.

सनसेटच्या तळाविषयी मात्र आम्ही फारसे बरे बोलू शकत नाही. ते खडीचे विस्तीर्ण मैदान आहे. तेथे भल्यामोठ्या आर.व्ही. गाड्या ओळीने उभ्या असतात. आपल्या म्हणीतले विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. येथे त्या बिऱ्हाडाला शीतकपाट, दूरदर्शनसंच आणि जनरेटर जोडलेला असतो. चार पावलांवरचा टेक्सस स्प्रिंगचा तळ जनरेटरला मज्जाव करतो आणि तेवढ्यानेच तेथील रात्र निराळी होते. हिवाळ्यात तंबू टाकावयाचा तर आमची पसंती त्याला. २०१३ साली या उद्यानाला तेथील काळोखासाठी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आहे. मृगाचा बाण आणि व्याध पुस्तकातल्या आकृतीवरून ओळखणाऱ्या मुंबईच्या विद्यार्थ्याला तेथे उलटी अडचण येते : इतक्या ताऱ्यांतून मृग शोधावा कसा? लास व्हेगासला परतणाऱ्याच्या वाट्याला हे येत नाही. तंबूवाल्याला एक इशारा द्यावयास हवा. वसंतात वारा असा सुटतो की, खुंट्या नीट ठोकल्या नसतील तर तंबू पहाटे शेजारच्यांकडे सापडतो.

उन्हाळ्यात जाणे टळतच नसेल तर दरीत तंबू नको. रात्रीही पारा तिशीच्या खाली उतरेलच असे नाही. एक तर भिंती आणि वातानुकूलन असलेली खोली घ्यावी, किंवा वर जावे. वाइल्डरोझच्या वर, रस्त्यातच, १८७७ साली बांधलेल्या दहा दगडी कोळशाच्या भट्ट्या ओळीने उभ्या आहेत. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या आकाराच्या, आतून अद्याप धुराचा वास येणाऱ्या. त्यांच्यापुढे थॉर्नडाइक आणि महॉगनी फ्लॅटची वाट खडबडीत होते आणि उंच बुडाची गाडी लागते. भाड्याची लहान मोटार तेथे नेऊ नये. पाणी बरोबर न्यावे, आणि अंदाजाच्या दुप्पट न्यावे. खाली दरीत पन्नास अंश असताना येथे पाइनच्या सावलीत पुस्तक वाचता येते. बर्फामुळे हिवाळ्यात हे वरचे तळ बंद असतात, म्हणजे तिंबिशांचेच वेळापत्रक सरकारनेही नकळत स्वीकारले आहे.

उद्यानाबाहेर राहण्याचा पर्यायही अगदी टाकाऊ नाही. नेवाडातील बीटी हे गाव फर्नेस क्रीकपासून चाळीसेक मैलांवर, ३,३०० फुटांवर आहे. खोल्या स्वस्त मिळतात, आणि पहाटे लवकर उठण्याची तयारी असेल तर दिवस हाती लागतो. दक्षिणेकडून येणाऱ्याच्या वाटेवर डेथ व्हॅली जंक्शन लागते. तेथे १९६७ साली टायर फुटल्यामुळे थांबलेली न्यूयॉर्कची नर्तकी मार्टा बेकेट हिने बोरॅक्स कंपनीचे पडीक सभागृह घेतले. प्रेक्षक येत ना येत, म्हणून भिंतींवर तिने प्रेक्षक रंगविले आणि २०१२ पर्यंत ती त्या रंगमंचावर प्रयोग करीत राहिली. २०१७ साली ती तेथेच वारली. एका सक्तीच्या मुक्कामातून पन्नास वर्षे निघाली, असे उदाहरण आम्हांस दुसरे माहीत नाही.

हवामानाची एक गोष्ट राहिली. ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळाच्या पावसाने साधारण एका वर्षाचा पाऊस तेथे एका दिवसात पडला. रस्ते वाहून गेले, उद्यान जवळजवळ दोन महिने बंद राहिले आणि बॅडवॉटरच्या मिठागरावर मॅन्लीच्या नावाचे उथळ सरोवर काही महिने पसरून राहिले. तेव्हा कोणताही तळ निवडण्यापूर्वी त्याच्याकडे जाणारा रस्ता उघडा आहे की नाही हे निघण्याच्या आदल्या दिवशी पाहावे. नकाशावरची रेषा पुरेशी नाही.

आईवडिलांना बोलावण्याचा काळ आपल्या हाती असेल तर तो हिवाळ्याचा असावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. नाताळच्या सुट्टीत दरीत दिवसा अठरा-वीस अंश असतात, म्हणजे पुण्याच्या डिसेंबरातील सकाळ. अडचण एवढीच की, हे सर्वांनाच ठाऊक आहे. फर्नेस क्रीकच्या तळावरील जागांची नोंदणी सहा महिने आधी खुली होते. नाताळसाठीची ती जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडते, जेव्हा दरीत पंचेचाळीस अंश असतात आणि कोणालाच तेथे जाण्याची आठवण होत नाही.